लावून धरलेला ‘सा’ थरथरतो, तानपुरा गायब : दोष गळ्याचा की कॉम्प्युटरचा?

पत्राचा गोषवारा : ग्वाल्हेरला लश्कर भागात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका बाईंचं हे पत्र आहे. शाळेतून संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्या घरी गाणं शिकवतात. दोन मुली घरी येतात. बाकीच्या लग्न-नोकरीपायी पुणे, बंगळुरू अशा पांगल्या, एक तर परदेशात आहे, म्हणून त्यांचे वर्ग कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलने चालतात. गेल्या दिवाळीत मुलाने जुन्या कॉम्प्युटरला नवा मोठा मॉनिटर लावून दिला. तेव्हापासून स्पीकर अधूनमधून मुके होतात. त्याहून वाईट म्हणजे दूरच्या शिष्या म्हणतात, ‘ताई, तुम्ही सा लावून धरला की तो थरथरतो, मग विरून जातो, आणि तानपुरा तर ऐकूच येत नाही.’ तानपुरा कधी इलेक्ट्रॉनिक पेटीचा असतो, कधी कॉम्प्युटरवरचा. सुनेने दिलेले बिनतारी इअरफोन लावले तर सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. दुकानदाराने सांगितलं, ‘साउंड कार्ड गेलं, मदरबोर्ड बदला, त्यापेक्षा नवाच घ्या.’ बाई विचारतात : एवढा खर्च करावा का? की गळाच थकला आणि आता शिकवणं थांबवावं? घरी येणाऱ्या मुलींना काही जाणवलेलं दिसत नाही, ‘पण त्या लहान आहेत, बोलायच्या नाहीत.’ बाहेरगावच्या दोघींची या महिन्याची फी त्यांनी संकोचाने घेतलेली नाही.

ताई, सादर नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून सोडून दिली आहे. घरी येणाऱ्या मुली लहान आहेत म्हणून बोलत नाहीत, असं तुम्ही धरून चाललात. पण गाणं शिकणाऱ्या मुली बाईंचा सूर हलला की तोंडाने बोलत नसल्या तरी एकमेकींकडे बघतात, आणि इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंच्या नजरेतून ते सुटत नाही. तसं काही दिसलं असतं तर तुम्ही पत्रात नक्की लिहिलं असतं. म्हणजे समोर बसलेल्यांसाठी सा हलत नाही आणि कॉलवर गेला की हलतो. संशय घ्यायचाच तर आधी वाटेवर घ्या, गळ्यावर नंतर.

वाटही सरळ नाही. तुमचा आवाज पुण्याच्या मुलीच्या कानात पोचेपर्यंत माइक, विंडोज, कॉलचं ॲप, इंटरनेट, तिच्याकडचं ॲप आणि तिचे इअरफोन इतक्या हातांतून जातो. दुकानदाराने त्यातला एकच हात धरला, कारण विकायला त्याच्याकडे तोच आहे.

तेव्हा पहिलं काम बिनपैशाचं. कॉल नको, इंटरनेटही नको. विंडोज ११ मध्ये ‘साउंड रेकॉर्डर’ नावाचं ॲप आहे, विंडोज १० मध्ये त्यालाच ‘व्हॉइस रेकॉर्डर’ म्हणतात. पेटीचा तानपुरा लावा, नेहमीच्या जागी बसा आणि मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, श्वास पुरेल तोवर धरा. मग खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला, मग एक-दोन खुल्या ताना. हे रेकॉर्ड करून साध्या तारेच्या इअरफोनने ऐका. इथे सा सरळ आला, मागे तानपुरा ऐकू आला, तर गळा, माइक, साउंड कार्ड आणि मदरबोर्ड चारही आरोपी एकदम सुटले. माझा अंदाज विचाराल तर तसंच होईल. रेकॉर्डिंगमध्येच गडबड असली तर सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या वाटेने आपल्या माइकच्या नावावर जा. तिथे ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ असं दिसेल, ते बंद करा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. कॉम्प्युटर बनवणारे कधीकधी आवाज ‘सुधारणारी’ हत्यारं तिथे आधीच घालून ठेवतात.

आता ॲपमध्ये काय होतं ते सांगतो, कारण हे कळलं की निम्मी भीती जाते. कॉलची ॲप्स कचेरीतल्या बोलण्यासाठी बनवलेली आहेत. बोलणं तुटक असतं. शब्द येतो, थांबतो, दुसरा येतो. पंखा, कूलर, एसी यांचा आवाज मात्र एकसारखा चालू राहतो. म्हणून ॲपला शिकवलेलं असतं की जे बदलतं ते माणसाचं, जे एकसारखं टिकतं ते गोंगाट, ते पुसून टाक. तानपुऱ्याचा तर जन्मच एकसारखं टिकण्यासाठी! ॲप त्याला कूलरच्या पंगतीत बसवतं आणि काढून टाकतं. तुम्ही लावून धरलेल्या सा चंही तेच. पहिला क्षणभर तो माणसाचा आवाज म्हणून पुढे जातो, मग टिकून राहिला म्हणून ॲपला शंका येते, ते त्याला दाबतं, पुन्हा सोडतं, पुन्हा दाबतं. पुण्याला जी थरथर ऐकू जाते ती ही. केर काढताना दारातली रांगोळीही झाडून नेणाऱ्या माणसासारखं हे काम आहे. सूर जितका स्थिर, तितका तो ॲपला जास्त संशयास्पद. कच्च्या, हलत्या गळ्याला हा त्रास कमी होतो, हे लक्षात घेतलंत तर शिष्येच्या तक्रारीचा अर्थ थोडा वेगळा लागेल.

दुसरी खोडी आपोआप आवाज कमी-जास्त करण्याची. तुमची गायकी खुल्या आवाजाची. तान जोरात आली की ॲप माइक खाली ओढतं, आणि लगेच तुम्ही खर्जात उतरलात तर माइक अजून खालीच असतो. मुलींना वाटतं ताईंचा खर्ज गेला. झूममध्ये ‘ऑटोमॅटिकली ॲडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम’ अशी खूण असते, ती काढा. मग सगळ्यात जोराची तान घेऊन बघा. तेव्हाही पातळीची पट्टी शेवटाला टेकणार नाही इतका माइक हाताने ठेवा.

कोणतं ॲप वापरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. झूम असेल तर सेटिंग्जमध्ये ऑडिओत ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय आहे. ती निवडली की गोंगाट पुसण्याचं काम थांबतं. तिच्याखालीच ‘हाय-फिडेलिटी म्युझिक मोड’ आणि ‘इको कॅन्सलेशन’ दिसेल. पहिलं चालू करा. दुसरं तुम्ही दोघींनी इअरफोन लावले असतील तरच बंद करा, नाहीतर एकीचा आवाज दुसरीच्या स्पीकरमधून दुसरीच्याच माइकमध्ये शिरून पहिलीकडे परत येईल. कॉल सुरू झाल्यावर ‘ओरिजिनल साउंड’ची कळ पडद्यावरही दिसते, ती चालू आहे ना हे दर वर्गाला बघायचं. गूगल मीट असेल तर त्याच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये ‘नॉइज कॅन्सलेशन’ बंद करा. संगीतासाठी दोहोंत मला झूम बरं वाटतं. मात्र त्याच्या फुकटच्या खात्यावर एक बैठक ४० मिनिटांत संपते, तेव्हा मोठ्या ख्यालाच्या मधेच पडदा पडेल.

हे सगळं शिष्येनेही आपल्याकडे करायला हवं, आणि इथे बऱ्याच शिक्षकांची फसगत होते. तुमची सेटिंग्ज तुमचा आवाज नीट पाठवतात, तिचा नाही. तिच्याकडे गोंगाट पुसणं चालू राहिलं तर तिचा चांगला लागलेला सा तुम्हाला थरथरता ऐकू येईल आणि तुम्ही तिला उगाच बोलाल. गेल्या काही महिन्यांत असं कुणाला बोलला असलात, तर पुढचा वर्ग झाल्यावर एकदा आठवून बघा.

तानपुऱ्याची आणखी एक गंमत. तो कॉम्प्युटरवरच वाजत असेल तर कॉल सुरू होताच विंडोज स्वतःच त्याचा आवाज ८० टक्क्यांनी कमी करू शकतं. जुन्या साउंडच्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ असं एक पान असतं. सेटिंग्जमधल्या साउंडच्या तळाशी ‘मोर साउंड सेटिंग्ज’वर गेलात की ती खिडकी उघडते. तिथे ‘डू नथिंग’ निवडायचं.

पण मला विचाराल तर तानपुरा पाठवायच्या फंदात पडूच नका. शिष्येला तिच्या घरी तिचा तानपुरा लावू द्या, तुमच्याकडे तुमचा, दोन्ही एकाच पट्टीत. तानपुऱ्याला ताल नाही, त्यामुळे इकडचा-तिकडचा अर्धा सेकंद मागे-पुढे झाला तरी काही बिघडत नाही. सूर तोच राहतो. फक्त दोन्ही ॲपमध्ये बारीक ट्यूनिंग सारखं आहे, म्हणजे बाकीचे सूर ज्याच्यावरून ठरतात तो मूळ सूर दोन्हीकडे ४४० हर्ट्झचाच (सेकंदाला ४४० कंपनांचा) धरलेला आहे, हे एकदा बघून घ्या. तुमचा तानपुरा तुमच्या कानापुरता, तिचा तिच्या.

तबल्याचं असं होत नाही. दोघींनी एकाच वेळी ठेक्याबरोबर म्हणणं साध्या व्हिडिओ कॉलवर जमत नाही, आणि नवा कॉम्प्युटर घेऊनही जमणार नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका तुम्हाला तीस-एक मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. साधारण तेवढ्या उशिरापर्यंत माणसं एकत्र वाजवू-गाऊ शकतात. कॉलचा उशीर सहसा याच्या कितीतरी पट असतो. उपाय इतकाच की जी गाते तिच्याकडे ठेका वाजेल. शिष्या गात असेल तर ठेका तिच्या घरी. तिचा आवाज आणि ठेका दोन्ही सारखेच उशिरा येतात, म्हणून तुम्हाला ते जुळलेलेच ऐकू येतील, सम चुकली तर स्पष्ट कळेल. तुम्ही दाखवत असाल तेव्हा ठेका तुमच्याकडे आणि तिचा माइक बंद. ‘माझ्या मागे म्हण’ चालतं, ‘माझ्याबरोबर म्हण’ चालत नाही. तुमची तालीम तर बहुतेक ‘मागे म्हण’चीच असते.

बिनतारी इअरफोनचं कोडं वेगळं आहे. ब्लूटूथवर नुसतं गाणं ऐकताना ते छान वाजतात. पण कॉलमध्ये त्यांचाच माइकही चालू झाला की कॉम्प्युटर सहसा त्यांना हँड्स-फ्री पद्धतीवर नेतो, आणि तिथे आवाजाचे सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजारच नमुने घेतले जातात. नेहमीच्या संगीताला ४४,१०० किंवा ४८ हजार असतात. नमुने जितके, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिकतो. म्हणून ८ हजारांत ४ हजार हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही, आणि जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांच्या झणकाराची चमक तर तिथवर पसरलेली. म्हणून डबा वाजतो. इअरफोन बिघडलेले नाहीत. सूनबाईंना सांगायला हरकत नाही की ते फिरायला जाताना कामी येतात. वर्गाला मात्र तारेचे लावा. बिनतारीच लावायचे झाले तर ॲपमध्ये माइक म्हणून त्यांचं नाव न निवडता दुसरा माइक निवडा.

शिष्यांनाही तारेचेच इअरफोन सांगा. तुमची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी, धरली तर मध्य षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ आणि खर्जाचा सा १०४ वर येतो. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरमधून १०४ जेमतेम निघतो. तुम्ही खर्जाची मेहनत करून घेताय आणि तिला खर्ज ऐकूच येत नाही, असं चाललं असण्याची शक्यता बरीच आहे.

मुक्या स्पीकरचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे : मॉनिटर. तो बहुधा एचडीएमआयच्या तारेने जोडलेला असणार. ती तार चित्राबरोबर आवाजही नेते. विंडोज कधीकधी आपल्या मनाने आवाज मॉनिटरकडे वळवतं, आणि मॉनिटरमध्ये स्पीकर नसले की सामसूम. खालच्या पट्टीत उजवीकडे स्पीकरचं चिन्ह असतं, तिथून आउटपुटची यादी उघडा आणि मॉनिटरच्या नावाऐवजी आपले स्पीकर निवडा. पुन्हा पुन्हा होत असेल तर साउंड सेटिंग्जमध्ये मॉनिटरच्या नावावर जाऊन ‘डोन्ट अलाऊ’ करा, म्हणजे प्रश्न मिटला. कॉलच्या ॲपमध्येही स्पीकर आणि माइकची वेगळी निवड असते. विंडोजमध्ये एक आणि ॲपमध्ये दुसरं, यावरून घरोघरी तास वाया जातात.

माइक अजिबातच चालेना झाला तर ही यादी पुरे : वायरवरची किंवा माइकवरची म्यूटची कळ, ॲपमधला म्यूट, सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ खाली मायक्रोफोनची परवानगी, तिथे डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळी कळ आहे तीही, आणि मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू. डेस्कटॉपच्या मागे गुलाबी भोक माइकचं, हिरवं स्पीकरचं, निळं बाहेरून येणाऱ्या आवाजाचं. फोनच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या कड्या असतात. तिच्यात ऐकणं आणि बोलणं एकत्र आहे. ती नुसती हिरव्यात खुपसली तर ऐकू येईल, पण माइक चालणार नाही. त्यासाठी दोन तोंडांची जोडतार मिळते, ती घ्यायची.

आता दुकानदार. समजा रेकॉर्डिंगच्या परीक्षेत खरंच साउंडचा भाग गेलेला निघाला. तरीही मदरबोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबीत खुपसायचं बोटभर साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळतं, आणि यूएसबी माइक घेतलात तर त्याचं स्वतःचं साउंड कार्ड आतच असतं. खर्च करायचाच असेल तर मी तो मध्यम किमतीच्या यूएसबी माइकवर करीन. सध्या तुमचा माइक वेबकॅममध्ये, मॉनिटरच्या डोक्यावर असेल असं धरतो. तिथून तो तुम्हाला ऐकतो त्याहून जास्त खोलीला ऐकतो. माइकचं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण सहा डेसिबलनी वाढतो, आणि कूलर आहे तेवढाच राहतो. तोंडापासून एक-दीड वीत, थोडा बाजूला, म्हणजे श्वास थेट आपटणार नाही.

हे अंतर महत्त्वाचं यासाठी की गोंगाट पुसणं बंद केल्यावर कूलरही तानपुऱ्यासारखाच सुखरूप पुण्याला पोचणार. आपल्या मे महिन्यात कूलर बंद करून गा असं मी तुम्हाला सांगणार नाही. सकाळी लवकरचा वर्ग, माइक जवळ आणि कूलरकडे त्याची पाठ, एवढं करता येईल. वरातीच्या बॅंडवर माझ्याकडे उपाय नाही.

इअरफोनमध्ये सतत ‘हुंऽऽ’ ऐकू येत असेल तर अर्थिंग तपासून घ्या. घरातली वीज ५० हर्ट्झची असते आणि तिची घरघर ५० च्या जोडीला १०० वरही येते. तुमचा खर्ज १०४, त्याच्या शेजारी ही १०० ची कुरकुर. चांगल्या कानाला याचा किती त्रास होईल ते तुम्हाला सांगायला नको. वीज गेल्यावर, इन्व्हर्टरवरच घरघर वाढत असेल तर दोष इन्व्हर्टरच्या विजेत आहे. शक्य असेल तर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तार ओढा. हाय-फिडेलिटीला इंटरनेट जास्त लागतं आणि वायफाय मधेच दम सोडतं.

नवा कॉम्प्युटर घेण्याला एक खरं कारण असू शकतं, पण त्याचा आवाजाशी संबंध नाही. तुमच्याकडे विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेसाठी आज ना उद्या विचार करावा लागेल. तो मुलाबरोबर सावकाश करा. सा थरथरतो म्हणून घाईने घेतलात तर नव्या कॉम्प्युटरवरही, जुनीच सेटिंग्ज राहिली तर, सा थरथरेलच.

शिकवणं थांबवायचं का, हा प्रश्न मी मागे ठेवला होता. असं वाटतं की तो या तक्रारीच्या आधीपासून तुमच्या मनात असावा. कॉम्प्युटरने निमित्त दिलं. दूर बसून खरं गाणं शिकवता येत नाही, ही टोचणीही पत्रात जागोजागी दिसते. काही गोष्टी खरंच येत नाहीत, वर तबल्याचं सांगितलंच. पण आपल्याच गावात १९१८ मध्ये संगीतशास्त्रज्ञ पं. विष्णू नारायण भातखंड्यांनी माधव संगीत विद्यालय सुरू केलं तेव्हाही एकट्या शिष्याला समोर बसवून द्यायची तालीम वर्गात आणि स्वरलिपीत आली होती, आणि त्यानंतरही लश्करात गाणं चालूच राहिलं. गळा थकला की नाही याचा निकाल शिष्यांच्या फोनवरून लावू नका. ते रेकॉर्डिंग कराल ना, तेच महिन्याने पुन्हा करा, मग तिसऱ्यांदा करा, आणि तिन्ही एकापाठोपाठ ऐका. तुमच्या कानापेक्षा कडक परीक्षक मला तरी माहीत नाही. त्यात काही उतरलेलं ऐकू आलं तर मला पुन्हा लिहा, तेव्हा वेगळं बोलू.

फी त्या दोघींकडून घ्या. वर्ग झाले, तुम्ही शिकवलंत. पुढच्या वर्गाची पहिली पंधरा मिनिटं मात्र गाणं नको : दोघींना तारेचे इअरफोन, ओरिजिनल साउंड आणि आपापला तानपुरा लावायला सांगा, आणि बंगळुरूच्या मुलीला वर्गाआधी तुमच्या पडद्यावर दुरून बसून सेटिंग्ज बघायला बोलवा. गुरूला शिकवायची संधी शिष्या सहसा सोडत नाहीत.